व्यग्रता आणि व्यवसायवृद्धी

नगर-पुणे रस्त्यावर शहराच्या दक्षिणेला वसलेले केडगाव पूर्वी प्रामुख्याने रेणुकामातेच्या देवस्थानासाठी ओळखले जाई. आज ते वाढते उपनगर आहे. अशा ठिकाणी वैद्याने गाळा घेऊन पाटी लावली की दोन-तीन वर्षांत बाकडी भरू लागतात. सकाळी ओपीडी, दुपारी घरभेटी, सायंकाळी पुन्हा ओपीडी, मध्येच औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि रात्री हिशेब असा दिवस संपतो. कोणी विचारले तर "वेळच मिळत नाही" हे उत्तर ठरलेले असते, आणि ते काहीशा अभिमानानेच दिले जाते.

वैद्यमित्रहो, प्रश्न या अभिमानाचाच आहे. दहा वर्षांनंतर त्या वैद्याच्या नोंदवहीत रुग्णसंख्या वाढलेली दिसते. परंतु त्याचे निदान अधिक सूक्ष्म झाले काय, एखाद्या व्याधीत त्याचा अधिकार निर्माण झाला काय, दुसरे वैद्य त्याच्याकडे रुग्ण पाठवू लागले काय, असे विचारले असता बहुधा मौनच पदरी पडते. गर्दी वाढली म्हणजे व्यवसाय पुढे गेला, हे समीकरण तपासून पाहण्याजोगे आहे.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात चंदन वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टांत दिला आहे. त्याला पाठीवरचा भार कळतो, चंदन कळत नाही. आचार्यांनी हे अर्थ न जाणता ग्रंथ पाठ करणाऱ्याविषयी म्हटले असले, तरी दिवसाला शंभर रुग्ण पाहून त्यांपैकी एकाचाही पूर्ण विचार न करणाऱ्या चिकित्सकालाही ते लागू पडते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात कर्मारंभापूर्वी परीक्षा करावयाच्या दहा गोष्टी सांगितल्या आहेत : कारण, करण, कार्ययोनि, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ति आणि उपाय. या गोष्टी प्रथम जाणून जो कर्माला प्रवृत्त होतो, त्याला फार सायास न करता इष्ट फल मिळते, असा तेथील आशय आहे. हे दशविध परीक्ष्य आपण पदवी परीक्षेसाठी पाठ करतो आणि रुग्णाच्या बाबतीत थोडेफार वापरतोही. स्वतःच्या व्यवसायाला मात्र ते लावीत नाही. तेथे कारण म्हणजे कर्ता, अर्थात वैद्य स्वतः. त्याची शक्ती किती, साधने कोणती, आज तो कोठे उभा आहे, त्याला काय साधावयाचे आहे, त्यातून मिळणारे फल कोणते आणि त्याचा दूरवरचा परिणाम काय, हे प्रश्न वर्षातून एकदा जरी कागदावर मांडले, तरी पुष्कळशी धावपळ निरर्थक असल्याचे आपोआप ध्यानात येईल.

नगरचा वारसा

२०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या आपल्या शहराला या बाबतीत मोठा वारसा लाभला आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या पुढाकारातून येथील आयुर्वेद महाविद्यालय १९१७ साली उभे राहिले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शास्त्रीबुवांचा 'औषधी गुणधर्मशास्त्र' हा मराठी ग्रंथ आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर आजही असतो. एकेक कल्प घेऊन तो कोणत्या दोषावर, कोणत्या दूष्यावर व कोणत्या स्थानी कार्य करतो, कोणत्या अवस्थेत द्यावा आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या कल्पाहून तो वेगळा कसा, हे त्यांनी नेमकेपणाने मांडले. 'रसतंत्रसार व सिद्धप्रयोगसंग्रह' या हिंदी ग्रंथातही 'औ. गु. ध. शा.' असा निर्देश करून त्यांची निरीक्षणे घेतली आहेत.

रुग्ण, अध्यापन व संस्था यांचा भार असणाऱ्या माणसाच्या हातून असे लेखन घडते, ते निरीक्षणाची नोंद ठेवण्याचे काम त्याने आपल्या मुख्य कर्मात धरलेले असते म्हणून. त्या काळी नगरमध्ये रुग्णांनी वेढलेले वैद्य इतरही असतील. त्यांचा अनुभव त्यांच्याबरोबरच गेला. लिहिलेला अनुभव मात्र शंभर वर्षांनंतरही चिकित्सेला उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण आपल्या पद्धतीबाहेरचे, पण आपल्याच जिल्ह्यातले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य प्रारंभी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. रुग्णालय भरलेले असे. परंतु बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येत. आपल्या अहोरात्र श्रमांनी गावातील आजार कमी होत नाहीत, हे ओळखून त्यांनी थांबण्याचा निर्णय घेतला, अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जे काम गावात होऊ शकते ते गावात होऊ लागले आणि डॉक्टरांचा वेळ डॉक्टरांनीच करावयाच्या कामासाठी मोकळा राहिला. १९७९ साली या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वडाळ्याची गर्दी सोडून शिक्षणासाठी गेलेली ती वर्षे तेव्हा कोणाला वाया गेलेली वाटली असतील. पुढचे सारे कार्य मात्र त्याच वर्षांवर उभे राहिले.

चिकित्सालयात काय करावे?

पहिली गोष्ट निवडीची. असाध्य व्याधीची चिकित्सा अंगावर घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असा इशारा चरकाचार्यांनी दिला आहे. प्रत्येक रुग्ण आपणच बरा करू हा अट्टाहास सोडून, योग्य वेळी योग्य ठिकाणी रुग्ण पाठविणे हेही चिकित्साकर्मच होय. त्याचबरोबर आमवात, त्वग्विकार, ग्रहणी, स्त्रीरोग यांपैकी आपल्या परिसरात वारंवार दिसणारा एखादा विषय निवडून त्याचे केसपेपर स्वतंत्र ठेवावेत. प्रत्येकावर दोष, दूष्य, अवस्था, दिलेला कल्प, अनुपान आणि पंधरा दिवसांनी दिसलेला फरक एवढेच लिहावे. काय लागू पडले नाही हेही लिहावे. अशा पन्नास रुग्णपत्रकांतून जे शिक्षण मिळते, ते नोंद न ठेवलेल्या हजारो रुग्णांतून मिळत नाही.

दुसरी गोष्ट कालाची. शरद ऋतूत विरेचन व रक्तमोक्षण करावे हे आपण सारे जाणतो. पण स्नेहपानाचे तीन ते सात दिवस, मधले विश्राम, विरेचनाचा दिवस व प्रवर शुद्धीनंतरचा सात दिवसांचा संसर्जन क्रम धरला तर सुमारे अडीच आठवडे लागतात. केडगावात नवरात्रात देवीच्या दर्शनाची गर्दी आणि घरोघरी नऊ दिवसांचे उपवास असतात. म्हणून उपवास करणाऱ्यांचे शोधन घटस्थापनेपूर्वी पूर्ण होईल असे योजावे किंवा दसऱ्यानंतर आरंभावे, आणि रुग्णांना श्रावणातच तशी कल्पना द्यावी. नेप्तीच्या उपबाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास पुनर्तपासणीची तारीख लिलावाच्या दिवसाची दिली, तर त्याची वेगळी फेरी वाचते व चिकित्सा अर्धवट राहत नाही.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. दुधी, काकडी, पाण्याने भरलेली कातडी पिशवी, कमळाचा देठ अशा वस्तूंवर शस्त्रकर्माचा सराव केल्यावाचून शिष्याने रुग्णाला हात लावू नये, असा सुश्रुताचार्यांच्या 'योग्या' संकल्पनेचा भाव आहे. अनुभव केवळ वर्षे उलटल्याने येत नाही, तो मुद्दाम मिळवावा लागतो. नाडी, जिव्हा, कोष्ठ यांपैकी एकच परीक्षा महिनाभर प्रत्येक रुग्णात लक्षपूर्वक करून ती लिहून ठेवणे, ही आपल्या काळातील योग्याच होय.

औषधालयाच्या मालकांसाठी

औषध विक्रेत्यांची व्यग्रता वेगळ्या रूपाने येते. दहावर दोन मोफतची स्कीम आली की माल उचलावयाचा, मग तो खपविण्यासाठी धावावयाचे आणि शेवटी मुदत संपलेला माल परत घेण्याबद्दल घाऊक विक्रेत्याशी वाद घालावयाचा. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णे लवकर हीनवीर्य होतात, गुटी व अवलेह त्याहून अधिक टिकतात, तर आसव व भस्मे जुनी झाल्यावर अधिक गुणकारी ठरतात, असे सांगितले आहे. मालाच्या खरेदीचे तत्त्वच यात आले. पाकिटावरची मुदत तर पाहावीच. शिवाय चूर्णे थोडी व वारंवार आणावीत आणि भांडवल अधिक टिकणाऱ्या कल्पांत गुंतवावे. परिसरातील वैद्यांशी तीन महिन्यांतून एकदा बसून येणाऱ्या ऋतूत कोणते कल्प लागतील याची यादी करावी. अशा एका बैठकीने वर्षभराची पुष्कळ धावपळ वाचू शकते.

एक रास्त आक्षेप

नवीन वैद्य म्हणेल की गाळ्याचे भाडे, अनामत, कर्जाचा हप्ता आणि घरखर्च असताना निवड करण्याची चैन कोणाला परवडते? आक्षेप रास्त आहे. चरकाचार्यांनीही प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा सांगितली आहे. उपजीविकेची साधने नसलेले दीर्घायुष्य त्यांना मान्य नाही. म्हणून आलेला रुग्ण परत पाठवावा, असे येथे कोणी सुचवीत नाही. आठवड्यातील एक दुपार मात्र आपल्याच हाती असते. ती केसपेपर वाचण्यास, एका अध्यायास किंवा एका ज्येष्ठ वैद्याकडे बसण्यास द्यावी. त्या दुपारी चार रुग्ण कमी होतील. परंतु त्या रुग्णांचे शुल्क आणि पाच वर्षांनी एखाद्या विषयात मिळणारा अधिकार यांची तुलना प्रत्येकाने स्वतःच करावी.

येत्या अंकापूर्वी वाचकांनी एवढेच करावे : आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयात सर्वाधिक वेळ कोणत्या कामाला जातो आणि त्यातील कोणते काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करूच शकत नाही, याची एका आठवड्याची नोंद करावी. ती नोंद हीच पुढील वर्षाच्या नियोजनाची पहिली ओळ ठरेल.