मालडोंगरीभोवतीचं पाणी

हलक्या धानाची कापणी उरकत आली की गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांवर बदकं उतरू लागतात. नवेगावबांधला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, आणि उत्तरेला परसवाडा, झिलमिलीच्या पाण्यावर. तलवार बदक, मोठी लालसरी, चक्रांग अशी ही मंडळी मध्य आशिया आणि सायबेरियाकडून येतात. त्यांना आपण हौसेनं ‘हिवाळी पाहुणे’ म्हणतो आणि ती इथं आराम करायला आली आहेत असं समजतो. त्यांचा आराम नेमका कसा असतो, हे जरा खोलात जाऊन पाहिलं पाहिजे.

थंडी टाळायला दक्षिण गाठणारे प्राणी उत्तर गोलार्धात सगळीकडे आहेत. उत्तर अमेरिकेतले पर्यटक डिसेंबरात विमानानं कॅरिबियन बेटांवर जातात, आणि त्यांच्या आधीच ब्लॅकपोल वॉर्बलर हा चिमुकला पक्षी तिथं पोहोचलेला असतो. एरवी त्याचं वजन जेमतेम 12 ग्रॅम. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पक्ष्यांच्या पाठीवर बारीक नोंदयंत्रं बसवली होती. ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरून निघून हे पक्षी अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता उडाले आणि सुमारे 2,300 ते 2,800 किलोमीटर अंतर कापून पोर्तो रिको, हिस्पॅनिओला या बेटांवर उतरले. निघण्यापूर्वी ते चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात. एक ग्रॅम चरबीतून पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, म्हणून पक्षी शिदोरी म्हणून चरबीच बांधून घेतो.

आपल्याकडे येणाऱ्यांच्या वाटेत समुद्राऐवजी हिमालय आहे. पट्टकादंब हंस तो ओलांडतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं. फुप्फुसं मोठी असतात, उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं. एवढं सगळं असूनही तो उगाच उंच जात नाही. या हंसांच्या शरीरात यंत्रं बसवून केलेल्या आणि 2015 मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हे हंस डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली येतात. विरळ हवेत पंखांचा वेग थोडा वाढवायचा तरी हृदयाला फार मोठी किंमत मोजावी लागते. मिळवलेली उंची सोडून पुन्हा चढणंच त्यापेक्षा स्वस्त पडतं.

असा पक्षी पाण्यावर उतरतो तेव्हा त्याची शिदोरी संपत आलेली असते. लांब पल्ला उडणाऱ्या काही किनारी पक्ष्यांत तर निघण्यापूर्वी जठर आणि आतडीसुद्धा आक्रसतात, म्हणजे तेवढं वजन वाहावं लागत नाही. पोहोचल्यावर ती पुन्हा वाढवावी लागतात. तेव्हा उतरल्यावरची पहिली कामं दोनच, झोप आणि अन्न.

बदकाची झोप ही मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. 1999 मध्ये मॅलार्ड बदकांवर झालेला एक प्रयोग आहे. बदकं एका रांगेत ठेवली. मधली बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपली. कडेची मात्र बाहेरच्या बाजूचा डोळा वारंवार उघडा ठेवत होती, आणि त्या वेळी मेंदूचा अर्धाच भाग झोपलेला होता. दुपारी तलावावर निवांत तरंगणारा थवा दिसतो, त्याच्या कडेची बदकंही अशी अर्धवट जागी असू शकतात. म्हणून थवा मोठा असावा, पाणी मोकळं असावं. मग मधल्यांना पुरी झोप मिळते.

अन्नाचा प्रश्न तलावाच्या उताराशी बांधलेला आहे. तलवार बदक बुडी मारत नाही. मान खाली, शेपूट वर करून फूटभर खोलीवरचं बी आणि किडे टिपतं. मोठी लालसरी बुडी मारून पाणवनस्पती खाते. कोहळी समाजानं बांधलेल्या या जुन्या तलावांचा काठ उथळ आणि संथ उताराचा असतो. धानाला पाणी देता देता पातळी उतरते, तसतसा चरण्याजोगा नवा पट्टा मिळत जातो. माणसानं भातासाठी बांधलेलं पाणी पक्ष्यांच्या इतकं कामी यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण काठावर बेशरम हे झुडूप माजलं की देवधान आणि पाण्यातल्या इतर देशी वनस्पती मागे हटतात. त्यांच्याबरोबर मासोळीची अंडी घालण्याची जागा जाते आणि पक्ष्यांचं चरणही. अर्जुनी मोरगावकडच्या काही तलावांत धीवर समाजाच्या लोकांनी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेबरोबर बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. कुठली वनस्पती कुठल्या खोलीत लावायची, हे ज्ञान मासेमारी करणाऱ्या या कुटुंबांचंच. सरकारी गाळ काढण्याच्या कामांत त्यांना आधी विचारलं पाहिजे. यंत्रानं काठ उभा कापला तर पाणी जास्त साठेल, पण उथळ पट्टाच उरणार नाही.

आणि नवेगावबांधला होड्यांचं काही ठरवायला हवं. तलावाच्या मधोमध मालडोंगरीचं बेट आहे, पर्यटकांना तिकडं जावंसं वाटणं साहजिक आहे. पण मोटारीची नाव जवळ आली की थवा उठतो, आणि दर उड्डाणाला साठवलेली चरबी खर्च होते. तीच चरबी फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या वाटेला लागणार असते. नोव्हेंबर ते मार्च तलावाचा पाळीपासून, म्हणजे बांधापासून, दूरचा भाग नावांसाठी बंद ठेवावा आणि पाळीवर दोन चांगल्या दुर्बिणी बसवाव्यात. सकाळच्या उन्हात लालसरीचं केशरी डोकं तिथूनही स्वच्छ दिसेल.