औषध-चाचणीचा कोरा फॉर्म दारात आला, तर सही करायची का?

कोऱ्या कागदावर सही करू नये, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे नव्या लसीच्या किंवा औषधाच्या अभ्यासासाठी एखादा कर्मचारी छापील कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला की घरातली माणसं बिचकतात. बिचकणं बरोबरच आहे. पण त्या गठ्ठ्यात काय असतं, हे कळलं तर नेमकं कुठे अडायचं तेही कळेल.

अशा अभ्यासाला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. लहान मुलांच्या जुलाबांवरची 'रोटावॅक' ही भारतीय लस सरकारी लसीकरणात येण्याआधी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन केंद्रांवर ६,७९९ बाळांना घेऊन तिची चाचणी झाली होती. बाळाला ताप आला का, जुलाब किती झाले, दवाखान्यात न्यावं लागलं का, अशा नोंदी चाचणीत कित्येक महिने ठेवाव्या लागतात.

या नोंदी शेवटी कॉम्प्युटरमध्येच जातात. त्यासाठी 'रेडकॅप'सारखी सॉफ्टवेअर असतात; हे अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालं. पण वस्तीवर रेंज नसते, टॅबची बॅटरी उतरते. म्हणून सॉफ्टवेअरमधूनच कोऱ्या फॉर्मची पीडीएफ काढून, प्रिंट घेऊन कर्मचारी निघतात. उत्तरं पेनाने लिहायची आणि केंद्रावर परतल्यावर कॉम्प्युटरमध्ये भरायची.

इथे एक मेख आहे. स्क्रीनवर 'ताप आला का?' याला 'नाही' म्हटलं की तापाचे पुढचे प्रश्न दिसतच नाहीत. कागदावर मात्र सगळे प्रश्न छापून येतात. लागू नसलेल्या प्रश्नापुढे 'लागू नाही' असं लिहावं लागतं. जागा नुसती मोकळी सोडली, तर प्रश्न विचारलाच नव्हता की उत्तर मिळालं नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी अडचण जुन्या झेरॉक्सची. चाचणी चालू असताना फॉर्म बदलतो, नवा प्रश्न येतो आणि कपाटातला जुना गठ्ठा मात्र वापरात राहतो. मग पंधरा दिवसांनी कर्मचारी पुन्हा दारात येऊन विचारणार, 'ताई, त्या दिवशी ताप किती होता?' कोण सांगणार? यासाठीच फॉर्मवर आवृत्तीचा नंबर किंवा तारीख छापलेली असावी लागते.

पेनाने भरलेला हा कागद म्हणजे मूळ पुरावा. त्यावर व्हाइटनर चालत नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची, जुनं उत्तर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर उत्तर, छोटी सही आणि तारीख. माहिती कॉम्प्युटरमध्ये गेली तरी कागद जपून ठेवतात, कारण तपासणीला आलेली माणसं दोन्ही ताडून बघतात.

आता सहीचं. नोंदीच्या फॉर्मवर सहसा नावाऐवजी सहभागी व्यक्तीचा नंबर असतो आणि सही भरणाऱ्या कर्मचाऱ्याची किंवा डॉक्टरची असते. आधार किंवा बँक खात्याचा नंबर तिथे असायचं कारण नाही. घरच्यांची सही लागते ती वेगळ्या कागदावर, संमतीपत्रावर. ते कोरं नसतं. अभ्यास कशाचा, धोका काय, फायदा काय, हे समजेल अशा भाषेत त्यात लिहिलेलं असतं. सहभागी लहान मूल असेल तर सही आईवडिलांची. वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो आणि त्याचीही सही होते. एक प्रत घरी मिळते. २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आहेत आणि भरपाईचीही तरतूद आहे. मधेच बाहेर पडायची मोकळीक असते. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

थोडक्यात, 'आधी सही करा, बाकीचं नंतर भरू' असं कुणी म्हणालं तर सही करायची नाही. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी नंबर विचारायचा. जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती मोबाईलवरही बघता येते. माहितीपत्रकावर नैतिकता समितीचा, म्हणजे एथिक्स कमिटीचा, फोन नंबर असतो. शंका वाटली तर कर्मचारी दारात असतानाच तो फिरवायला हरकत नाही.