कार्यस्थळावरील परिवर्तन आणि कार्यकारी नेतृत्वाची भूमिका

१. प्रस्तावना

संस्थेत बदल करण्याचा निर्णय एका बैठकीत घेता येतो. तो बदल कार्यस्थळी रुजण्यास मात्र वर्षे लागतात. निर्णय आणि रुजवण यांतील हे अंतर पार करणे हे कार्यकारी नेतृत्वाचे मुख्य काम होय. ‘कार्यकारी नेतृत्व’ ही संज्ञा येथे संस्थेच्या दैनंदिन कारभाराची अंतिम जबाबदारी वाहणाऱ्या व्यक्तीसाठी वापरली आहे. कारखान्याचा व्यवस्थापक, बँकेचा अध्यक्ष आणि महाविद्यालयाचा प्राचार्य हे तिघेही या संज्ञेत येतात.

बदलाला होणारा विरोध हा कर्मचाऱ्यांच्या स्वभावाचा दोष मानण्याची प्रवृत्ती व्यवस्थापनात सर्रास आढळते. ‘लोकांना बदल नकोच असतो’ असे एकदा गृहीत धरले, की नेतृत्वापुढे सक्ती किंवा प्रलोभन हे दोनच मार्ग उरतात. हे गृहीतक कितपत टिकते, हे एक अभिजात प्रयोग आणि भारतीय बँकांमधील संगणकीकरण यांच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासले आहे. त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांचा महाविद्यालयीन प्रशासनाशी असलेला संबंध अखेरीस मांडला आहे.

२. सैद्धान्तिक पार्श्वभूमी

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये परिवर्तनाच्या तीन अवस्था मांडल्या : प्रस्थापित सवयी सैल करणे, नव्या पातळीवर जाणे आणि ती पातळी स्थिर करणे. प्रस्थापित स्थिती ही परस्परविरोधी बलांचा समतोल असते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. बदल घडविण्यासाठी पुढे ढकलणारे बल वाढविता येते, तसेच अडविणारे बल कमी करता येते. पहिल्या मार्गाने ताण वाढतो. दुसऱ्या मार्गाने तो उतरतो.

जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये परिवर्तनाचे प्रयत्न फसण्याची आठ कारणे सांगितली. बदलाची निकड पुरेशी न पटविणे, ध्येयदृष्टी कर्मचाऱ्यांपर्यंत न पोचविणे आणि विजय झाल्याचे अकाली जाहीर करणे ही त्यांपैकी महत्त्वाची कारणे होत. विल्यम ब्रिजेस यांनी ‘बदल’ आणि ‘संक्रमण’ यांत भेद केला. बदल ही बाह्य घटना असते. संक्रमण ही व्यक्तीच्या मनात चालणारी प्रक्रिया असते, आणि तिचा आरंभ काहीतरी सोडून देण्यापासून होतो. यंत्र एका दिवसात बसविता येते. जुन्या कामातील प्रावीण्य सोडून देण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

३. हारवूड कारखान्यातील प्रयोग

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन येथे हारवूड कंपनीचा पायजमे तयार करण्याचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली, की तेथील उत्पादन घसरे, तक्रारी वाढत आणि कामगार नोकरी सोडून जात. लेस्टर कॉख आणि जॉन आर. पी. फ्रेंच यांनी येथे केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कामगारांचे चार गट करण्यात आले. पहिल्या गटाला बदलाची गरज आणि नवा दर समजावून सांगण्यात आला व शंकांना उत्तरे देण्यात आली. निर्णयात मात्र त्याला स्थान नव्हते. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांच्या साहाय्याने नवी पद्धत ठरली. तिसऱ्या व चौथ्या गटांतील सर्वच कामगारांनी पद्धतीच्या आखणीत भाग घेतला. प्रत्यक्ष कामातील बदल किरकोळ होता. पहिल्या गटाला पूर्वी सपाट पुठ्ठ्यावर रचले जाणारे कपडे आता खोक्यात रचावयाचे होते.

एवढ्याशा बदलानंतर पहिल्या गटातील १७ टक्के कामगारांनी ४० दिवसांच्या आत नोकरी सोडली आणि गटाचे उत्पादन पूर्वपदावर आले नाही. प्रतिनिधींचा गट सुमारे दोन आठवड्यांत पूर्वपदावर आला. पूर्ण सहभागाचे गट त्याहून लवकर सावरले आणि त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. सर्वांत बोलकी घटना त्यानंतरची आहे. सुमारे अडीच महिन्यांनी पहिल्या गटातील उरलेले १३ कामगार पुन्हा एकत्र आणून, पूर्ण सहभागाच्या पद्धतीने त्यांना नवे काम देण्यात आले. या वेळी तेही झपाट्याने सावरले आणि पूर्वीच्या पातळीच्या वर गेले. माणसे तीच होती. त्यांना वागविण्याची पद्धत बदलली होती.

या निष्कर्षाला एक मर्यादा आहे. फ्रेंच यांनी सहकाऱ्यांसह नॉर्वेतील एका कारखान्यात केलेल्या आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहभागाचा उत्पादनावर तसा परिणाम दिसला नाही. सहभाग कामाच्या गाभ्याशी निगडित असावा लागतो आणि कामगारांना तो उचित वाटावा लागतो, असा बोध त्यातून मिळाला. दुय्यम बाबींवर मत विचारावे आणि मुख्य बाब आधीच ठरवून टाकावी, अशा सहभागाने विश्वास वाढत नाही.

४. भारतीय बँकांतील संगणकीकरण

१९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखांचा विस्तार वेगाने झाला. खातेवह्यांचे काम त्याच प्रमाणात वाढले, जुळणी मागे पडू लागली. तरीही यंत्रांना कर्मचारी संघटनांचा तीव्र विरोध होता. यंत्र आले म्हणजे नोकरी जाईल, ही त्यामागील भीती बेरोजगारीच्या त्या काळात निराधार म्हणता येत नाही.

हा पेच वाटाघाटींनी सुटत गेला. बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये करार झाले. त्यांत यंत्रांचा वापर कोठे व किती करावयाचा याच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने विस्तारत गेल्या. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ आणि १९८९ च्या अहवालांतून संगणकीकरणाचा आराखडा दिला. वाटाघाटींचा हा मार्ग संथ होता. १९९४ नंतर आलेल्या नव्या खासगी बँकांनी आरंभापासूनच संगणकावर कारभार सुरू केला, तेव्हा या संथपणाची किंमत सार्वजनिक बँकांना जाणवली. पुढे २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्यांच्याबरोबर मनुष्यबळाचा भार उतरला, तसा अनुभवही गेला.

शाखेच्या पातळीवर पाहता बदलाचा अर्थ निराळा दिसतो. वळणदार अक्षर, अचूक बेरीज आणि वर्षअखेरीस रुपया-पैशापर्यंत जुळणी करून देण्याचे कसब यांवर जुन्या लेखनिकाची प्रतिष्ठा उभी होती. संगणकाने ते कसब निरुपयोगी केले. पगार तोच, पद तेच; तरीही काल ज्याला सर्वजण विचारीत, त्याला आज नव्याने लागलेल्या कनिष्ठाला विचारावे लागले. या हानीची नोंद कोणत्याही करारात होत नाही, आणि विरोधाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

भारतीय स्टेट बँकेचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. ओ. पी. भट यांनी २००६ मध्ये अध्यक्षपद स्वीकारले तेव्हा बाजारपेठेतील बँकेचा वाटा दीर्घकाळ घसरत आला होता. त्यांनी प्रथम वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर ही घसरण आकडेवारीसह मांडली आणि २००७ मध्ये ‘परिवर्तन’ हा संवाद-कार्यक्रम कर्मचाऱ्यांपर्यंत नेला. नवे उपक्रम सांगण्यापूर्वी बँकेची खरी स्थिती कर्मचाऱ्यांपुढे ठेवणे, हा त्यातील ध्यानात घेण्याजोगा भाग होय. पुढे १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. त्या वेळी कर्मचाऱ्यांपुढील प्रश्न यंत्राचा नव्हता. सेवाज्येष्ठता, बदली आणि आपल्या बँकेचे नाव यांचा होता.

५. नेतृत्वाची कार्ये

उपरोक्त विवेचनावरून कार्यकारी नेतृत्वाची चार कार्ये निश्चित करता येतात.

(अ) हानीची मोजदाद : बदलाचे लाभ सांगण्यापूर्वी कोणाचे काय जाणार आहे, याची प्रामाणिक यादी नेतृत्वाने करावी. जे टाळता येणार नाही ते स्पष्ट सांगावे आणि जे टाळता येईल त्याची हमी लेखी द्यावी.

(आ) निश्चित आणि खुल्या बाबींची फोड : काय ठरलेले आहे आणि काय ठरावयाचे आहे, हे आरंभीच जाहीर करावे. ठरलेल्या बाबींवर सूचना मागविणे ही दिशाभूल होय.

(इ) मधल्या फळीची तयारी : कर्मचारी प्रश्न विचारतो तो शाखाधिकाऱ्याला किंवा विभागप्रमुखाला. त्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर अफवा हेच माहितीचे साधन बनते.

(ई) संक्रमणकाळाची तरतूद : जुनी वही आणि नवा संगणक काही काळ समांतर चालतात, तेव्हा काम दुप्पट होते. या काळात वेळ, प्रशिक्षण आणि चूक करण्याची मुभा दिली नाही, तर बदलाचा भार तळाच्या माणसावर पडतो.

६. महाविद्यालयांच्या संदर्भात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी करताना महाविद्यालये याच अवस्थेतून जात आहेत. श्रेयांकांची नवी रचना, विषयांची फेरमांडणी आणि श्रेयांक बँकेतील नोंदी हे बदल परिपत्रकाने येतात. त्यांची चौकट प्राचार्य बदलू शकत नाहीत. मात्र एखाद्या विषयाचे श्रेयांक घटले की त्या विषयाच्या शिक्षकाचा कार्यभार घटतो, आणि अनुदानित पदाचा प्रश्न उभा राहतो. अशा शिक्षकाने बैठकीत घेतलेला आक्षेप ‘नव्या धोरणाला विरोध’ म्हणून नोंदविणे सोपे आहे. तो आपल्या पदाविषयी बोलत आहे, हे ओळखणे हे नेतृत्वाचे काम आहे.

येथे वरील फोड उपयोगी पडते. श्रेयांकांची चौकट निश्चित आहे. कोणते पर्यायी व कौशल्याधारित अभ्यासक्रम द्यावयाचे, वेळापत्रक कसे आखावयाचे, बाधित शिक्षकांकडे कोणते नवे अध्यापन सोपवावयाचे, या बाबी बऱ्याच अंशी महाविद्यालयाच्या कक्षेत राहतात. त्यांवरील निर्णय प्राचार्यांच्या दालनात न घेता संबंधित विभागांतील सर्व शिक्षकांसह घेतले, तर हारवूडचा अनुभव येथेही उपयोगी पडेल. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या इतिवृत्तात सर्वांच्या स्वाक्षऱ्या असणे हा त्याला पर्याय नव्हे.

७. निष्कर्ष

बदलाला होणारा विरोध ही बहुधा माहिती असते : कोणते काम, कोणते कसब, कोणती सुरक्षितता धोक्यात आहे, हे तो सांगतो. ही माहिती वेळीच ऐकणारे नेतृत्व बदलाचा वेग थोडा गमावते, आणि तो राबविणारी माणसे टिकवून ठेवते. हारवूडच्या पहिल्या गटाला समजावून सांगण्यात कसूर झाली नव्हती. त्याला विचारले गेले नव्हते. समजावणे आणि विचारणे यांतील हा भेद परिपत्रकांच्या काळात प्रत्येक संस्थाप्रमुखाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे.