अंदाज आणि साठा : स्वच्छ ऊर्जेच्या मुळाशी असलेले भूशास्त्र

कोळसा व खनिज तेल सोडून सूर्य आणि वारा यांच्याकडे वळणे म्हणजे भूगर्भाचा निरोप घेणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ऊन आणि वारा यांचे मोल द्यावे लागत नाही हे खरे. परंतु त्यांपासून वीज निर्माण करणारी, ती वाहून नेणारी आणि साठवणारी साधने तांबे, निकेल, कोबाल्ट, लिथियम, ग्राफाइट अशा खनिजांवाचून उभी राहत नाहीत. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये देशासाठी अत्यावश्यक अशा 30 खनिजांची यादी प्रसिद्ध केली, तिचे एक मोठे कारण हेच होते. म्हणून कोळशाच्या युगात भूशास्त्रज्ञाला जे महत्त्व होते, ते पुढील काळात कमी होणार नसून वाढणार आहे. त्याचे काम केवळ खनिज शोधण्याचे नाही. सापडलेले किती खरे आणि किती संभाव्य, हे ठरवणे हे त्याहून कठीण काम त्याच्याकडे असते.

रियासीचे लिथियम

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातील सलाल-हैमाना परिसरात 59 लाख टन लिथियम असल्याची वार्ता देशभर पसरली. चिलीसारख्या देशांच्या साठ्याशी तुलना झाली आणि भारत आता विजेवरील वाहनांच्या बॅटऱ्यांबाबत स्वयंपूर्ण होणार, असे चित्र रंगवले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या घोषणेत मात्र एक महत्त्वाचा शब्द होता : ‘अनुमानित’.

खनिजांच्या पाहणीचे चार टप्पे मानले जातात. जी-4 म्हणजे पहिली धावती पाहणी, जी-3 म्हणजे प्राथमिक शोध, जी-2 म्हणजे सर्वसाधारण शोध आणि जी-1 म्हणजे सविस्तर शोध. पुढच्या प्रत्येक टप्प्यात विंधनछिद्रे अधिक जवळजवळ घेतली जातात, अधिक नमुने तपासले जातात आणि अनिश्चितता कमी होते. त्यानंतरही ते खनिज फायदेशीर रीतीने काढता येईल असे सिद्ध झाले, तरच त्याला ‘साठा’ म्हणतात. रियासीची घोषणा जी-3 या टप्प्याची होती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर येणे दिसत होते, वसुली झालेली नव्हती.

दुसरा मुद्दा आकड्याच्या अर्थाचा. ते 59 लाख टन शुद्ध धातूचे नव्हते. लिथियमचा अंश असलेल्या बॉक्साइटयुक्त खडकाचे होते. त्यातील लिथियमचे प्रमाण दहा लाख भागांत 800 भागांहून अधिक असल्याचे सांगितले गेले. हिशेबासाठी 800 हाच आकडा धरला, तर प्रत्येक टन खडकात 800 ग्रॅम आणि एकूण 59 लाख टनांत सुमारे 4,700 टन धातू निघतो. चिलीचे नव्वद लाख टनांहून अधिक साठे धातूच्या वजनात मोजलेले आहेत. म्हणजे ही तुलना मुळातच विजोड होती. शिवाय अशा चिकणमातीसारख्या द्रव्यातून लिथियम वेगळे करणे, खाऱ्या पाण्यातून किंवा स्पोड्युमीन या खनिजातून ते काढण्याइतके रुळलेले नाही.

बाजाराने हे लवकर ओळखले. नोव्हेंबर 2023 मध्ये या क्षेत्राचा लिलाव पुकारण्यात आला. पुरेसे बोलीदार न मिळाल्याने मार्च 2024 मध्ये तो रद्द करावा लागला. नंतरचा प्रयत्नही यशस्वी झाला नाही. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातही असाच अनुभव आला होता. 2020 मध्ये तेथे 14,100 टन लिथियमचा अंदाज गाजला. 2021 मध्ये प्राथमिक शोधानंतर अणुखनिज संचालनालयाचा आकडा 1,600 टनांवर आला.

यात भूशास्त्राचे अपयश पाहणे अन्यायाचे ठरेल. शास्त्राने आपले अनिश्चितपण प्रत्येक वेळी लिहून ठेवले होते. घाई वाचणाऱ्यांनी केली. त्या घाईची किंमत गुंतवणूकदारांप्रमाणेच तेथील रहिवाशांनाही मोजावी लागते. सलाल परिसरातील माणसे एकीकडे रोजगाराची आशा आणि दुसरीकडे घरदार जाण्याची धास्ती अशा अवस्थेत राहतात. चिनाबच्या खोऱ्यातील हा प्रदेश भूकंपप्रवणही आहे. तेथे खाण व्हावी की नाही, या प्रश्नाचे उत्तरही अखेर भूशास्त्राच्या आधारेच द्यावे लागेल.

दरम्यान देशाने इतर वाटाही धरल्या आहेत. खनिज बिदेश इंडिया लिमिटेड या सरकारी उपक्रमाने जानेवारी 2024 मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच क्षेत्रांसाठी करार केला. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने 16,300 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज मोहिमेला मंजुरी दिली. देशांतर्गत शोधकार्य वाढवणे हे तिचे एक प्रमुख अंग आहे.

सह्याद्रीचा काळा खडक

भूगर्भातून काढणे ही एक बाजू झाली. भूगर्भात परत ठेवणे ही दुसरी. सिमेंट व पोलाद यांच्या कारखान्यांतून निघणारा सर्व कार्बन वायू केवळ सौरऊर्जेने थांबणार नाही. आइसलँडमध्ये 2012 मध्ये हा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडण्यात आला. त्यातील 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत घट्ट खनिजात रूपांतरित झाल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. बेसाल्टमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याचा अक्षरशः दगड झाला.

हाच बेसाल्ट महाराष्ट्राच्या बहुतांश भूमीखाली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने बनलेले दख्खनचे पठार जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे. त्यामुळे येथेही मोठी शक्यता आहे; पण शक्यता म्हणजे साठवणक्षमता नव्हे. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे 25 टन पाणी लागते. दुष्काळी तालुक्यांत हा प्रश्न क्षुल्लक नाही. शिवाय दख्खनचा खडक पुष्कळ जुना आहे. त्यातील भेगा-पोकळ्या किती मोकळ्या आणि किती भरून गेलेल्या आहेत, हे ठिकठिकाणी छिद्रे घेऊनच कळेल.

कोयनेचा धडाही येथे विसरता येत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर हा परिसर जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे जगप्रसिद्ध उदाहरण बनला. खोल खडकातील द्रवाचा दाब बदलला, तर जुने भ्रंश सरकू शकतात, ही शक्यता या अभ्यासातून पुढे आली. त्यासाठी गोठणे येथे 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. वायू कोठे सोडावा याइतकेच तो कोठे सोडू नये, हे सांगणे अशा संशोधनामुळेच शक्य होईल.

वाचणाऱ्याने काय पाहावे

खनिजांच्या वार्ता येत राहतील आणि त्यांवर समभागांचे भाव हलतील. अशा वेळी काही साधे प्रश्न विचारावेत. आकडा धातूचा आहे की खडकाचा? पाहणी जी-4 ते जी-1 यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे? धातू वेगळा करण्याची पद्धत व्यापारी प्रमाणावर सिद्ध झाली आहे काय? पाणी आणि जमीन कोणाची लागणार आहे? पहिल्या शोधापासून चालू खाणीपर्यंत सहसा दहा वर्षांहून अधिक काळ जातो, हेही ध्यानात ठेवावे. स्वच्छ ऊर्जेकडे देशाला जायचेच आहे. तो प्रवास अंदाजाला साठा समजून केला, तर भांडवल आणि भूमी दोन्ही वाया जातील. तपासून केला, तर पुढील पिढीच्या खात्यावर जमा दिसेल.