क्रूझवर फोनचं काय करायचं? बंदर सुटल्यापासून परत जहाजावर चढेपर्यंत

गोव्यात मुरगाव बंदराच्या गेटबाहेर उभा राहून मी पाऊण तास बाबांना फोन लावत होतो. दर वेळी तेच उत्तर, व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. बाबा संपर्क क्षेत्राच्या बाहेर अजिबात नव्हते. ते वास्कोच्या बाजारात होते, माझ्यापासून फार तर तीन-चार किलोमीटरवर, आणि तिथे चांगलं फोर-जी होतं. त्यांचा फोन एअरप्लेन मोडवर होता. तो तसा ठेवायला आदल्या संध्याकाळी मीच सांगितलं होतं. परत कधी काढायचा, हे सांगायचं राहून गेलं होतं.

साडेतीनला सगळ्यांनी जहाजावर परत यायचं होतं. बाबा तीन वीसला रिक्षातून उतरले, हातात काजूची पिशवी. आईने पुढचे दोन तास आम्हा दोघांशीही अबोला धरला.

पिंपरी-चिंचवडमधून हल्ली बरीच मंडळी मुंबईला जाऊन क्रूझ पकडतात, कुणी सिंगापूरच्या टूरमध्ये दोन-तीन रात्री जहाजावर राहतात. खाण्याच्या आणि कपड्यांच्या टिप्स सगळे देतात. फोनबद्दल मात्र 'एअरप्लेन मोडवर टाका' एवढंच सांगितलं जातं. ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. म्हणून हा लेख.

किनारा सुटल्यावर नेमकं काय होतं

जहाज निघालं की पहिला अर्धा-पाऊण तास सगळं नेहमीसारखं चालतं. लोक डेकवरून व्हिडिओ कॉल करत असतात. मग एकेक काडी कमी होत जाते. मोठं क्रूझ जहाज साधारण १८ नॉटने जातं, म्हणजे तासाला सुमारे ३३ किलोमीटर. टॉवर ४० मीटर उंच आणि तुम्ही पाण्यापासून २५ मीटर उंच डेकवर, असं धरलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे दोघांमधली सरळ रेषा ४० किलोमीटरच्या आसपास संपते. जुन्या टू-जीमध्ये तर ३५ किलोमीटरची पक्की मर्यादाच आहे. तुमचा सिग्नल किती आधी पाठवायचा हे टॉवर फोनला सांगतो, त्यासाठी शून्य ते ६३ एवढेच आकडे ठरलेले आहेत आणि एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर. आकडे संपले की विषय संपला.

व्यवहारात नेटवर्क त्याच्याही आधी जातं. टॉवरचा आवाज मोठा असतो, पण तुमच्या फोनची ताकद ०.२ वॅटच्या आसपास. टॉवर फोनला ऐकू येतो, फोन टॉवरला नाही. आणि तुम्ही खालच्या डेकवर, आतल्या केबिनमध्ये असाल तर चारी बाजूंनी पोलाद. चाकण किंवा तळवड्याला पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गेटवर फुल रेंज, मशीनपाशी गेलं की शून्य.

नेटवर्क शोधताना फोन पूर्ण ताकदीने हाका मारत राहतो आणि बॅटरी संपवतो. एअरप्लेन मोडचं हे पहिलं कारण. दुसरं कारण खिशाशी संबंधित आहे.

९०१ नावाचा देश

जगातल्या प्रत्येक मोबाइल नेटवर्कला एक कोड असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५. जहाजावरच्या नेटवर्कचा कोड मात्र ९०१ ने सुरू होतो. हा कुठल्याच देशाचा नाही, आंतरराष्ट्रीय नेटवर्कसाठी राखून ठेवलेला आकडा आहे. जहाजात ठिकठिकाणी छोटे अँटेना असतात, ते जहाजावरच्या सॅटेलाइट डिशला जोडलेले असतात आणि तुमचा कॉल तिथून आकाशात जाऊन जमिनीवर उतरतो. जहाज बंदराजवळ असताना हे नेटवर्क सहसा बंद ठेवतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द. ती ओलांडली की ते सुरू होतं.

आता गंमत बघा. नेमकं त्याच सुमाराला किनाऱ्याचं नेटवर्क गेलेलं असतं. तुमचा फोन बिचारा तासभर उपाशी असतो, त्याला एकदम फुल काड्या दिसतात आणि तो जाऊन चिकटतो. तुम्ही मुंबईहून गोव्याला चालला आहात, दोन्ही टोकं भारतात आहेत, याच्याशी फोनला काही देणंघेणं नाही. त्याच्या लेखी तुम्ही परदेशी नेटवर्कवर आहात.

माझ्या एका सहकाऱ्याचं सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर हेच झालं. त्याने घरून निघताना रोमिंग पॅक घेतला होता आणि त्या भरवशावर डेटा चालू ठेवून झोपला. बहुतेक रोमिंग पॅक देशांच्या यादीवर चालतात. सिंगापूर यादीत होतं, मलेशिया होतं. मधला समुद्र नव्हता. रात्रभर फोनने फोटोंचा बॅकअप घेतला, दोन-तीन ॲप अपडेट केली. पोस्टपेड बिल आलं तेव्हा तो आकडा त्याने टीममध्ये कुणाला सांगितला नाही. बायकोला सांगावा लागला, एवढंच कळलं.

प्रीपेड असेल आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच केलेलं नसेल तर हा धोका कमी. पोस्टपेडवाल्यांनी निघण्याआधी ऑपरेटरला सरळ विचारायचं, की हा पॅक जहाजावरच्या नेटवर्कला चालतो का. काही ऑपरेटरांचे क्रूझसाठी वेगळे पॅक असतात. 'रोमिंग चालू आहे का' हा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर 'हो' असंच येणार.

जहाजाचं वाय-फाय

एअरप्लेन मोड लावून मग वाय-फाय वेगळं चालू करता येतं. हे अनेकांना, विशेषतः आपल्या आई-बाबांना, माहीत नसतं. पैसे न भरताही वाय-फायला जोडलं की बऱ्याच जहाजांवर त्यांचं स्वतःचं ॲप चालतं. कार्यक्रमांच्या वेळा, जेवणाचं बुकिंग, खर्चाचा हिशोब त्यात दिसतो. काहींत आपसात मेसेजही पाठवता येतात. ते ॲप घरीच डाउनलोड करून ठेवा.

इंटरनेटचं पॅकेज घ्यायचं की नाही, हे जहाज कुठल्या सॅटेलाइटवर आहे त्यावर ठरवा. जुनी पद्धत म्हणजे विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणारे सॅटेलाइट. तुमचा प्रश्न वर जातो, खाली येतो, उत्तर पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं. चार खेपांचे झाले सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, बाकीचा उशीर वेगळाच. व्हॉट्सॲप मेसेजला चालेल, व्हिडिओ कॉलवर दोघंही एकाच वेळी बोलत राहतील. स्टारलिंकसारखे सॅटेलाइट साधारण ५५० किलोमीटरवर असतात, त्यामुळे उशीर खूपच कमी. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये आपल्या जहाजांवर स्टारलिंक आणायची घोषणा केली, नंतर इतरही कंपन्या त्या वाटेने गेल्या. तेव्हा बुकिंग करतानाच विचारा.

'क्रूझवरून वर्क फ्रॉम होम करतो' असं मॅनेजरला कबूल करू नका. काही पॅकेजमध्ये व्हीपीएन चालत नाही, आणि ते पहिल्या दिवशी समुद्रात कळतं.

खरी अडचण ओटीपीची आहे. वाय-फाय आहे, बँकेचं ॲप उघडतंय, पण ओटीपी एसएमएसने येणार आणि सिम तर बंद. म्हणून ज्याला ज्याला ओटीपी लागतो ते सगळं घरी उरकायचं. विदेशी जहाज असेल तर कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डांवर ते आपोआप चालू नसतात, आपल्याला करावे लागतात. आधार किंवा पासपोर्ट, व्हिसा आणि बोर्डिंग पास यांच्या फाइल फोनमध्ये उतरवून ठेवा, नुसत्या मेलमध्ये नको. टर्मिनलवर शेकडो लोक एकाच वेळी तीच मेल उघडत असतात. मूळ ओळखपत्र अर्थातच हातात हवं.

एक्स्टेन्शन बोर्ड का काढून घेतात

आमच्या बॅगेतला एक्स्टेन्शन बोर्ड चेकिंगमध्ये बाजूला काढला आणि पावती दिली. मी वाद घालायच्या तयारीत होतो. बाबांनी अडवलं. ते भोसरीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. म्हणाले, "अर्थिंगचा प्रश्न असणार."

तसंच निघालं. घरात न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो. जहाजाला जमीनच नसते, त्यामुळे तिथे बऱ्याचदा दोन्ही तारा जहाजाच्या लोखंडी अंगापासून वेगळ्या ठेवतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड जास्तीचा दाब अर्थच्या तारेत सोडायला बनवलेला असतो. जहाजावर कुठे बिघाड झाला तर हाच भाग तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये यावर खास सूचना काढली होती. इस्त्री आणि किटलीही बंद. दोन-तीन यूएसबी पोर्टचा साधा चार्जर सहसा चालतो. विदेशी जहाजांवर सॉकेट अमेरिकी किंवा युरोपी पद्धतीचे असतात, तेव्हा ॲडॉप्टर लागेल.

चढल्यावर लगेच सुरक्षेचा सराव होतो. तो टाळायला लोक केबिनमध्ये बसून राहतात. तसं करू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या अनेकांचा सराव झालेला नव्हता, कारण तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुभा होती. नंतर नियम बदलला. आता सराव निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावाच लागतो. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. त्या वेळी आपली जागा फोनवर शोधत बसायची वेळ येऊ नये.

बंदरात उतरताना

आता बाबांच्या गोष्टीकडे येतो. बंदर आलं, पूल लागला, की एअरप्लेन मोड काढायचा. भारतातलं बंदर असेल तर लगेच, परदेशातलं असेल तर रोमिंगचं बघून. परत चढताना पुन्हा लावायचा. आमच्या घरात आता यासाठी एक खूण आहे. उतरताना आणि चढताना दारावर केबिनचं कार्ड स्कॅन होतं, तेव्हाच फोनला हात लावायचा. कार्ड स्कॅन, मोड बदल. दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या की लक्षात राहतात.

त्या कार्डाबद्दलही थोडं. ते केबिनची किल्ली आहे, जहाजावरचं पाकीट आहे, आणि कोण बाहेर आहे याची हजेरीही आहे. निघायच्या वेळी ज्यांचं परतीचं स्कॅन नाही त्यांची यादी दाराजवळच्या स्क्रीनवर असते. चुंबकीय पट्टीवालं कार्ड असेल तर फोनच्या चुंबकवाल्या कव्हरमध्ये ठेवू नका, पुसलं जातं.

वेळेचा घोळ मुंबई-गोवा-कोची मार्गावर होत नाही. सिंगापूर-पेनांग-फुकेत मार्गावर होतो. सिंगापूर आणि मलेशिया एकाच वेळेवर चालतात, थायलंड एक तास मागे. जहाज अनेकदा सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतं. तुम्ही फुकेतला उतरलात, फोनने तिथलं नेटवर्क पकडलं आणि घड्याळ गुपचूप एक तास मागे नेलं. जहाजाचे पाच वाजले, तुमच्या फोनवर चार. तुम्ही शहाळं पीत बसलात. जहाज कुणा एकट्यासाठी थांबत नाही. उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ विचारा आणि सेटिंगमधली आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा. साधं मनगटी घड्याळ असेल तर आणखी बरं, त्याला कुठलंच नेटवर्क लागत नाही.

नकाशा आधी उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये गोव्याचा भाग डाउनलोड करता येतो आणि एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं, कारण जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, बोलत नाही. इंटरनेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला मात्र वेळ लागतो. प्रत्येक सॅटेलाइट आपली माहिती हळूहळू पाठवतो, तिला निदान अर्धा मिनिट लागतं. तेव्हा मोकळ्या डेकवर उभं राहा, फोन हलवत बसू नका.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी थोडी रोकड ठेवावी. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून फायबर केबल सुरू होईपर्यंत ती बेटं सॅटेलाइटवरच अवलंबून होती. आता परिस्थिती सुधारली आहे, तरी नारळपाणीवाल्यासमोर यूपीआयचं चक्र फिरत राहिलं तर बोट सुटायची वेळ होते. तिथे मोठं जहाज लांब उभं असतं आणि ने-आण छोट्या बोटींनी होते, त्यामुळे शेवटच्या बोटीची वेळ हीच तुमची खरी वेळ.

आणि एक कागद. बाबांना माझा नंबर पाठ नव्हता, फोनमध्ये होता. रिक्षावाल्याकडून फोन मागून घेतला तरी लावणार काय? आता आम्ही प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी ठेवतो. जहाजाचं नाव, बंदराचं नाव आणि गेट, परत चढायची वेळ, घरच्या दोघांचे नंबर, आणि बंदरातल्या एजंटचा नंबर. हा शेवटचा नंबर जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा छापलेला असतो. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो. चिठ्ठी आता बाबाच लिहितात, मोठ्या अक्षरात, आणि वर लाल पेनने 'फोन चालू कर' असं लिहून पहिली मला देतात.