प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं नाक
रेस कारच्या रील्समधला तो घशातून ओरडल्यासारखा आवाज सायलेन्सरचा नसतो. तो येतो इंडिव्हिज्युअल थ्रॉटल बॉडीज अर्थात ‘आयटीबी’मधून. पण आवाजावर भाळून खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

गाड्यांचं वेड असेल तर तुमच्या फीडवर हे दृश्य येऊन गेलंच असेल. बॉनेट उघडं, इंजिनाच्या एका बाजूला चकचकीत चार कर्णे ओळीने बसवलेले, कुणीतरी रेस देतं आणि त्या कर्ण्यांतून असा काही आवाज फुटतो की मोबाइलचा स्पीकर फाटावा. खाली कमेंट्समध्ये एकच शब्द : आयटीबी.

‘इनिशिअल डी’ पाहिलेल्यांना तर वेगळं सांगायला नको. शुइची शिगेनोच्या या मांगामधल्या ताकुमीच्या एट-सिक्सचं, म्हणजे टोयोटा एई८६चं, मूळ इंजिन फुटतं आणि त्या जागी रेसिंगसाठी तयार केलेलं २० व्हॉल्व्हचं ४ए-जीई बसतं. गोष्ट काल्पनिक, पण या इंजिनाची रस्त्यावरची आवृत्ती खरी. टोयोटाने १९९१ मध्ये ती कंपनीतूनच चार थ्रॉटल बॉडी लावून विकायला काढली. आजही जुन्या एट-सिक्सवाल्यांचा जीव या इंजिनात अडकलेला असतो.

तर हा फंडा नेमका आहे काय?

टर्बो नसलेलं इंजिन, ज्याला ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’ म्हणतात, ते स्वतःच्या छातीच्या जोरावर श्वास घेतं. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब हवा आत ढकलतो. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल जाळता येतं आणि तेवढीच ताकद मिळते. तुमच्या घरच्या गाडीत या हवेच्या वाटेवर एकच दार असतं. ते म्हणजे थ्रॉटल बॉडी, म्हणजे एक नळी आणि तिच्यात फिरणारी गोल चकती. तिला बटरफ्लाय म्हणतात. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा खरं तर ही चकती फिरते. तिच्यामागे प्लेनम नावाची एक मोठी पोकळी आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक पाइप. थोडक्यात, एका मोठ्या दरवाजाचा हॉल आणि हॉलमधून चार खोल्या.

आयटीबीमध्ये हॉलच काढून टाकतात. प्रत्येक खोलीला थेट रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार. (तसं पाहिलं तर तुमची एक सिलिंडरची फ्युएल इंजेक्शनवाली बाइक जन्मतःच ‘आयटीबी’वाली आहे. मित्रांना सांगायला हरकत नाही.)

याचा पहिला फायदा पिकअपचा. प्लेनमची पोकळी बऱ्याचदा इंजिनाच्या सीसीएवढी किंवा त्याहून मोठी असते. तुम्ही पाय दाबला की आधी ती भरते, मग सिलिंडरला हवा मिळते. हा वेळ डोळ्याचं पातं लवण्याएवढाही नसतो, पण वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हरच्या तळपायाला तो कळतो. आयटीबीमध्ये बटरफ्लाय व्हॉल्व्हपासून काही इंचांवरच असते. पाय हलला की इंजिन हललं.

दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. रेसच्या इंजिनाला ‘गरम’ कॅम लावतात, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदमच उघडे राहतात. वरच्या आरपीएमला हे झकास चालतं. पण आयडलिंगला प्लेनममध्ये व्हॅक्यूम असतो, तो जळलेला धूर उलटा इनटेकमध्ये ओढतो आणि एका सिलिंडरचा कचरा शेजारच्याच्या ताटात जातो. गाडी मिसिंग करते, सिग्नलला उभी असल्यासारखी नाही तर ताप आल्यासारखी थरथरते. प्रत्येकाची वाट वेगळी केली की ही भानगड बरीच कमी होते. बटरफ्लाय आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागा इतकी लहान असते की पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत तिथला दाब बऱ्यापैकी सावरलेला असतो. म्हणजे आयटीबीमुळे आक्रमक कॅम वापरणं परवडतं. आणि ताकद येते ती त्या कॅममधून.

आता कर्ण्यांबद्दल. पिस्टन हवा ओढतो तेव्हा कमी दाबाची एक लाट पाइपातून बाहेरच्या दिशेने धावते. उघड्या तोंडाशी पोहोचली की ती उलटते आणि जास्त दाबाची होऊन परत फिरते. ती परत पोहोचेल तेव्हा व्हॉल्व्ह बंद होण्याच्या बेतात असेल, तर जाता जाता दोन घास हवा जास्त कोंबली जाते. ७ हजार आरपीएमला इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो जेमतेम पाच ते सहा मिलिसेकंद. तेवढ्यात आवाजाची लाट साधारण दोन मीटर जाते. त्यामुळे पाइप किती लांब, यावर कोणत्या आरपीएमला फायदा होणार ते ठरतं. ढोबळ नियम असा, की लांब कर्णा खालच्या आरपीएमला आणि आखूड कर्णा वरच्या. नीट बनवलेल्या प्लेनममध्येही हीच जादू होते, हे रीलवाले सांगत नाहीत. आयटीबीत सोय एवढीच की कर्णे काढून दुसरे लावले की लांबी बदलली.

मग ताकद किती वाढते? इथे जरा थांबा. जपानी बाजारात १६ व्हॉल्व्हचं शेवटचं ४ए-जीई १४० पीएसचं होतं आणि पहिलं २० व्हॉल्व्हचं १६० पीएसचं. हे २० पीएस चार थ्रॉटलचे, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. पण नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पाचवा व्हॉल्व्ह होता आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगही होतं. श्रेय वाटायचं तर सगळ्यांना वाटावं लागेल. कंपनीच्या साध्या कॅमवर, साध्या ईसीयूवर नुसत्या चार थ्रॉटल बॉडी चढवल्या तर हाती येतो मुख्यतः आवाज.

आणि आता मूळ मुद्दा. पैसे पार्ट्सवर कमी आणि ते जुळवण्यावर जास्त जातात. पार्ट्सचे मार्ग दोन. एक, इंग्लंडच्या जेन्व्हीसारख्या कंपन्यांचे तयार सेट. दुसरा जुगाडाचा, पण जगभर चालणारा. सुझुकी जीएसएक्स-आरसारख्या चार सिलिंडरच्या बाइकच्या थ्रॉटल बॉडी उचलायच्या आणि कारच्या इंजिनावर बसवायच्या. बाइकच्या सिलिंडरमधलं अंतर कारपेक्षा कमी, त्यामुळे त्या सुट्या करून नव्या अंतराने जोडायच्या आणि मधला मॅनिफोल्ड लेथवाल्याकडून करून घ्यायचा. यात काम चोख नसेल तर सांध्यातून हवा चोरून आत शिरते आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात.

बसवून झालं की पहिला धक्का पायाला बसतो. साधा हिशोब करा. ६० मिलिमीटरच्या एका थ्रॉटलऐवजी ४५ मिलिमीटरचे चार लावले, तर हवेच्या वाटेचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. पेडल नखभर दाबलं तरी इंजिनाला लागेल तेवढी हवा मिळून जाते आणि उरलेल्या पेडलला करायला काही कामच उरत नाही. पावसात ओल्या ट्रॅकवर अशी गाडी चालवणं म्हणजे हातोड्याने सुईत दोरा ओवणं. म्हणून सुरुवातीला हळू आणि नंतर वेगाने उघडणारी लिंकेज लावतात. आणि मोठ्यात मोठी थ्रॉटल बॉडी घ्यायचा मोह आवरावा लागतो.

त्यानंतरचं काम सिंक करण्याचं. चारही बटरफ्लाय एकसारख्या उघडायला हव्यात, अगदी केसभर फरक न ठेवता. आयडलिंगला चकती जेमतेम उघडी असते, तिथे केसाएवढा फरक म्हणजे एका सिलिंडरला शेजाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त हवा. त्यासाठी सिंक्रोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. ते कर्ण्याच्या तोंडाला लावायचं, आकडा वाचायचा, दुसऱ्या कर्ण्याला लावायचं, मधला स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा पहिल्यापासून. इंजिन गरम हवं, कारण थंड इंजिनावर जुळवलेलं गरम झाल्यावर हलतं. मग थोडी रेस देऊन पुन्हा तपासायचं. आयडलला जुळलं आणि रेसला बिघडलं तर दोष लिंकेजच्या सांध्यांत. हे कंटाळवाणं काम आहे, याचं रील कुणी टाकत नाही.

का एवढा आटापिटा? कारण एक्झॉस्टमध्ये लॅम्डा सेन्सर बहुधा एकच असतो आणि तो चारही सिलिंडरचा सरासरी धूर वास घेऊन पाहतो. तीन सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त आणि चौथ्यात कमी, तरी सेन्सर म्हणणार, सगळं छान. तो चौथा सिलिंडर मात्र गरम होत राहतो. पूर्ण थ्रॉटलवर बटरफ्लायमधला फरक जवळपास पुसला जातो, पण मॅनिफोल्डमध्ये गळती असेल किंवा एखादा इंजेक्टर अर्धवट तुंबला असेल, तर नेमकी तिथेच पिस्टनला भोक पडायची वेळ येते. म्हणून जुने मेकॅनिक आजही चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवतात आणि रंग बघतात. एक प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरट दिसला की काम थांबवायचं.

उरला ईसीयू. साध्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज घेतात. आयटीबीत हा दाब उड्या मारतो आणि थोडं पेडल दाबताच बाहेरच्या हवेइतका होऊन बसतो. पुढे ईसीयूला त्यातून काही कळत नाही. म्हणून ‘अल्फा-एन’ पद्धत वापरतात. बटरफ्लाय किती अंशांत उघडी आणि आरपीएम किती, एवढ्यावर पेट्रोल ठरवायचं. पद्धत सोपी, पण तिला हवामान कळत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक जवळपास समुद्रसपाटीला. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे साधारण ४०० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब चारेक टक्के कमी. चेन्नईला परफेक्ट केलेली गाडी कोइम्बतूरला तेवढंच पेट्रोल जास्त ओतणार. त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर हवाच.

बारीकसारीक गोष्टी बऱ्याच. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कुठून द्यायचा? चारही पाइपांतून बारीक नळ्या काढून एका डबीत जोडाव्या लागतात. कर्ण्यासमोर बॉनेट किंवा दुसरी भिंत अगदी चिकटून आली तर हवा गुदमरते. आणि फिल्टर! फोटोत उघडे कर्णे देखणे दिसतात, पण आपल्या ट्रॅकच्या कडेची धूळ आणि खडी पाहता एक खडा आत गेला की इंजिन उघडावंच लागेल. फोमचे मोजे चढवा, फोटो आधी काढून घ्या.

हे सगळं ट्रॅकसाठी हं. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं.

इंजिनीअरिंगवाल्या वाचकांसाठी एक गंमत. कॉलेजच्या टीमसोबत ‘फॉर्म्युला भारत’ला जाणार असाल तर आयटीबी विसरा. तिथल्या पेट्रोल गाड्यांना सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून, म्हणजे साधारण नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतून घ्यावी लागते. क्रमही ठरलेला आहे, आधी थ्रॉटल, मग ते भोक, मग इंजिन. म्हणजे ६०० सीसीच्या चार सिलिंडर बाइकचं इंजिन आणलं, तर त्यासोबत आलेल्या चार थ्रॉटल बॉडी कामाच्या नाहीत. काही टीम त्यातल्या चकत्या काढून टाकतात आणि उरलेल्या नळ्या फक्त इंजेक्टर धरायला वापरतात. थ्रॉटलच्या दोन रिटर्न स्प्रिंगचा नियम मात्र आयटीबीवाल्यांनीही उचलावा असा. एक तुटली तरी दुसरी चकती बंद करते.

आणि सिंक करणं प्रत्यक्ष बघायचंच असेल तर रेस ट्रॅकवर जायची गरज नाही. ओळखीत कुणाकडे चार सिलिंडरची बाइक असेल तर तिच्या सर्व्हिसिंगच्या दिवशी गॅरेजमध्ये जा. मेकॅनिक चार व्हॅक्यूम गेज लावेल, काटे चार दिशांना असतील, तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाव पाव आटा फिरवत राहील. काटे एका रेषेत आले की इंजिनाचा आवाज बदलतो. कान देऊन ऐका, लगेच कळेल.