व्यक्तिछायाचित्रांचे संगणकीय रिटचिंग : तंत्र आणि विवेक

प्रस्तावना :
छायाचित्रांचे संगणकीय संपादन हे आता केवळ व्यावसायिक स्टुडिओपुरते मर्यादित राहिलेले नाही. हे कौशल्य शिकताना साधनांची ओळख लवकर होते. परंतु चेहऱ्यात काय बदलावे आणि काय बदलू नये, हा विवेक मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात रिटचिंगची प्रमुख तंत्रे स्पष्ट करून, हा विवेक तंत्राबरोबरच कसा शिकवता येईल, याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
रिटचिंग ही संगणकाची देणगी नव्हे. निगेटिव्हवर अणकुचीदार शिसपेन्सिलीने काम करून सुरकुत्या व डाग सौम्य करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून स्टुडिओंत रूढ होती. पेन्सिलीचा थर चढलेल्या जागेतून प्रकाश कमी जाई व छापील प्रतीत तो भाग उजळ दिसे. डार्करूममध्ये प्रतीचा एखादा भाग प्रकाशापासून झाकून उजळ ठेवणे म्हणजे ‘डॉज’ आणि जादा प्रकाश देऊन गडद करणे म्हणजे ‘बर्न’ होय. थॉमस व जॉन नॉल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप १९९० मध्ये ॲडोबीने बाजारात आणले. त्यात १९९४ मध्ये लेयरची आणि २००२ मध्ये हीलिंग ब्रशची भर पडली. डॉज व बर्न ही जुनी नावे मात्र संगणकातही कायम राहिली.

शिक्षणाचे टप्पे :
१) मूळ चित्राचे जतन : प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र लेयरवर करावी. त्यामुळे मूळ चेहरा अबाधित राहतो आणि लेयर बंद-चालू करून झालेला बदल तपासता येतो.

२) डाग काढणे : क्लोन स्टॅम्प निवडलेला भाग जसाच्या तसा दुसरीकडे उमटवतो; हीलिंग ब्रश त्या भागाचा पोत घेऊन तो नव्या जागेच्या रंगाशी व उजेडाशी जुळवतो. म्हणून गालावरील पुळीसाठी हीलिंग ब्रश योग्य ठरतो. केसांच्या कडेशी मात्र तो गडद रंग त्वचेत ओढतो. तेथे क्लोन स्टॅम्प उपयुक्त ठरतो.

३) छायाप्रकाशाची दुरुस्ती : ५० टक्के करड्या रंगाचा लेयर सॉफ्ट लाइट पद्धतीत ठेवल्यास चित्रात बदल दिसत नाही. त्यावर हलक्या हाताने डॉज-बर्न केल्यास डोळ्यांखालील काळेपणा पोत न बिघडवता कमी करता येतो.

४) पोत व रंग यांचे विभाजन : ‘फ्रिक्वेन्सी सेपरेशन’ या तंत्रात त्वचेचा सूक्ष्म पोत एका लेयरवर आणि रंगछटा दुसऱ्या लेयरवर ठेवतात. रंगछटांचा लेयर प्रमाणाबाहेर धूसर केल्यास चेहरा मेणाचा भासू लागतो. त्यामुळे चित्र मोठे करून काम केल्यावर ते पुन्हा पूर्ण आकारात पाहणे आवश्यक असते.

विवेकाचा प्रश्न :
पुळी काही दिवसांत जाते. तीळ, व्रण आणि वयाच्या रेषा त्या व्यक्तीच्या ओळखीचा भाग असतात. म्हणून तात्पुरते ते काढावे आणि कायमचे ते व्यक्तीच्या संमतीशिवाय काढू नये, हा प्राथमिक नियम मानता येईल.

भारतीय संदर्भात याहून गंभीर प्रश्न वर्णाचा आहे. ‘उजळ करणे’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न क्रिया येतात. प्रकाश कमी पडला असल्यास संपूर्ण चित्राचा उजेड वाढवला जातो. त्यात त्वचेबरोबर वस्त्रे व पार्श्वभूमीही बदलतात. ही प्रकाशाची दुरुस्ती होय. याउलट मास्कद्वारे केवळ त्वचा निवडून सर्वत्र गोरी केली, तर ती व्यक्तीचीच दुरुस्ती ठरते. सावळा रंग हा दोष आहे, असा मूक निर्णय तेथे छायाचित्रावर लादला जातो. गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातींत वर्णावरून भेदभाव सूचित होऊ नये, यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. फ्रान्समध्ये २०१७ पासून, मॉडेलची शरीराकृती बदललेल्या व्यावसायिक छायाचित्रांवर तसा उल्लेख बंधनकारक झाला.

निष्कर्ष :
रिटचिंगच्या अभ्यासक्रमात केवळ अंतिम चित्राचे मूल्यमापन पुरेसे नाही. विद्यार्थ्याने लेयरसह फाइल सादर करावी आणि प्रत्येक बदलाचे कारण एका वाक्यात नोंदवावे. ‘चेहरा गोरा केला’ हे कारण लिहिताना जो संकोच होईल, तोच या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरेल. ज्याचे छायाचित्र आहे त्याला ते पाहून स्वतःची ओळख पटावी, हीच उत्तम रिटचिंगची कसोटी होय.